छताखालचा पहारेकरी

दिवसभराच्या श्रमाने थकलेला माणूस रात्री गाढ झोपी जातो. त्याचे डोळे मिटतात, हातपाय स्वस्थ होतात, मनाला विश्रांती मिळते. परंतु झोपेत आणखी एक गोष्ट मंदावते, आणि ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे वासाची जाणीव. तव्यावर करपलेल्या पोळीचा वास अंगणातून ओळखणारे नाक गाढ झोपेत धुराच्या वासाने जागे होईलच, असा भरवसा देता येत नाही. कान मात्र झोपेतही काही अंशी जागे असतात. म्हणूनच मोठ्याने मारलेल्या हाकेने झोपलेला माणूस उठतो.

या दोन गोष्टी जोडून पाहिल्या म्हणजे एक युक्ती सुचते. झोपलेल्या माणसाच्या नाकाचे काम दुसऱ्या कोणी करावे आणि धूर दिसताच त्याच्या कानाला हाक मारावी. हे काम करणारे एक लहानसे यंत्र आहे. त्याला धूरसंवेदक म्हणतात. ते बसवणारे कारागीर त्याला स्मोक डिटेक्टर या नावाने ओळखतात. मोठी रुग्णालये, कचेऱ्या, उपाहारगृहे, वसतिगृहे अशा ठिकाणी मान वर करून पाहिले, तर छताला चिकटलेली पांढऱ्या रंगाची, उपड्या वाटीएवढी वस्तू दिसते. तिच्या कडेने बारीक फटी असतात आणि तिच्यावरचा एक चिमुकला दिवा अधूनमधून लुकलुकतो. हाच तो छताखालचा पहारेकरी.

आग म्हटली की डोळ्यांपुढे ज्वाळा उभ्या राहतात. परंतु बंद इमारतीत माणसाला बहुधा प्रथम गाठतो तो धूर. ज्वाळांना पुढे सरकण्यासाठी जळण लागते. धुराला तसे काही लागत नाही. तो जिन्याने वर चढतो, दाराच्या फटीतून आत शिरतो, नळांच्या आणि तारांच्या वाटांनी मजल्यामागून मजले ओलांडतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य शरीरभर प्राणवायू वाहून नेते. पण प्राणवायूपेक्षा ते या विषारी वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो, माणसाला गुंगी येते आणि पळून जाण्याचे भानच त्याला उरत नाही.

९ डिसेंबर २०११ रोजी पहाटे कोलकाता येथील एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. आग खाली होती. धूर मात्र वरच्या मजल्यांवर, रुग्ण जेथे झोपले होते तेथे जाऊन भरला. त्या दुर्घटनेत सुमारे ९० माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेक धुराने गुदमरून. आगीच्या वेळी पहिली काही मिनिटे किती मोलाची असतात, हे अशा घटनांवरून कळते. ती मिनिटे झोपलेल्या माणसाच्या हाती यावीत, एवढ्यासाठीच धूरसंवेदक असतो.

हे यंत्र धूर ओळखते तरी कसे? त्याचे उत्तर कौलारू घरात सापडते. दुपारी छपराच्या फटीतून उन्हाचा कवडसा आत येतो. हवा अगदी स्वच्छ असेल, तर जमिनीवर पडलेला उजेडाचा ठिपका तेवढा दिसतो. उजेड ज्या वाटेने आला ती वाट दिसत नाही. पण चूल पेटून घरात धूर पसरला, की छपरापासून जमिनीपर्यंत उजेडाचा तिरपा खांब उभा राहतो. धुराचे सूक्ष्म कण प्रकाशाला वाटेत अडवतात आणि चहूकडे उधळून देतात. त्या उधळलेल्या प्रकाशाचा काही भाग बाजूला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत शिरतो, म्हणून त्याला ती वाट दिसते. प्रकाशाच्या अशा उधळण्याला विकिरण म्हणतात.

प्रकाशीय धूरसंवेदकात हाच कवडसा मुद्दाम निर्माण केलेला असतो. त्या उपड्या वाटीच्या आत एक काळी कोठडी असते. तिच्या कडा चक्रव्यूहासारख्या वळणावळणाच्या असतात. त्यांतून हवा आत येऊ शकते, बाहेरचा उजेड मात्र येऊ शकत नाही. कोठडीत एक बारीक दिवा असतो. तो ठरावीक वेळाने, बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा, एक झोत टाकतो. प्रकाश ओळखणारा एक विद्युत-डोळाही तेथे असतो. पण तो अशा कोनात बसवलेला असतो, की दिव्याचा झोत त्याच्यावर थेट पडू नये. हवा स्वच्छ असेपर्यंत तो डोळा अंधारातच राहतो. कोठडीत धूर शिरला, की झोत उधळतो, त्यातील थोडा प्रकाश त्या डोळ्यावर पडतो आणि तो सूचना देतो. उजेड दिसला म्हणजे धोका, अंधार असला म्हणजे क्षेम, असा या पहारेकऱ्याचा उलटा न्याय आहे.

धूरसंवेदकाचा दुसराही एक प्रकार आहे. त्याच्या शोधाची हकीकत मोठी गमतीची सांगतात. १९३० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधील वॉल्टर येगर हे शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे यंत्र तयार करत होते. त्यांच्या यंत्राला वायू काही केल्या ओळखता येईना. कंटाळून त्यांनी सिगारेट पेटवली, तोच यंत्राचा काटा हलला. ज्या वायूसाठी खटपट केली तो सापडला नाही. धूर मात्र सापडला. पुढे त्याच देशातील अर्न्स्ट माइली यांनी या कल्पनेवर काम करून तिला उपयुक्त रूप दिले. या प्रकारात दोन धातूच्या पट्ट्यांमधील हवेतून अतिशय क्षीण विद्युतप्रवाह वाहत असतो. तो वाहावा म्हणून आत अमेरिशियम नावाच्या किरणोत्सारी धातूचा अत्यल्प अंश ठेवलेला असतो. धुराचे कण आत आले, की हा प्रवाह मंदावतो आणि यंत्राला धुराची चाहूल लागते. भडकलेल्या आगीचा अगदी बारीक कणांचा धूर हा संवेदक लवकर ओळखतो, तर धुमसणाऱ्या आगीचा दाट धूर प्रकाशीय संवेदक लवकर ओळखतो. आज नव्या इमारतींत प्रकाशीय संवेदकच अधिक बसवले जातात.

आता हे पहारेकरी इमारतीत कसे नेमले जातात ते पाहू. उदाहरणासाठी विद्यार्थ्यांचे एक चार मजली वसतिगृह घेऊ. तळमजल्यावर स्वयंपाकघर, भोजनगृह, गाद्या ठेवण्याची खोली आणि अधीक्षकांची खोली आहे. वरच्या तीन मजल्यांवर मुलांच्या खोल्या आहेत. रात्री दहानंतर येथे सर्वत्र निजानीज होते.

संवेदक बसवणारा जाणता कारागीर आल्याबरोबर शिडी लावत नाही. आधी तो इमारतीचा नकाशा पुढे घेतो आणि मग प्रत्येक खोलीतून हिंडतो. आग कोठे लागण्याचा संभव आहे, तिचा धूर कोणत्या वाटेने जाईल, माणसे कोठे झोपतात, त्यांना बाहेर पडायला वाट कोणती, या प्रश्नांची उत्तरे त्याला हवी असतात. भारतात या कामासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. २१८९ हे मानक आहे. संवेदक कोणता निवडावा, तो कसा बसवावा आणि त्याची देखभाल कशी करावी, हे त्यात सांगितलेले आहे.

पहिला निर्णय स्वयंपाकघराविषयी घ्यावा लागतो. तेथे रोज फोडणी होणार, तवा तापणार, वाफ उठणार. फोडणीचा धूर कोणता आणि आगीचा कोणता, हे साध्या धूरसंवेदकाला समजत नाही. तेथे तो बसवला, तर रोज जेवणाच्या वेळी भोंगा वाजेल. म्हणून स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारा संवेदक लावतात. छताजवळची हवा साधारण साठ अंश सेल्सिअसच्या आसपास तापली, किंवा थोड्या वेळात तिचे तापमान झपाट्याने वाढले, तरच तो सूचना देतो. न्हाणीघराच्या दाराजवळही धूरसंवेदक टाळतात; कारण उघड्या दारातून आलेल्या वाफेने तो फसतो.

दुसरा प्रश्न जागेचा. गरम धूर हलका असल्यामुळे सरळ वर जातो, छताला लागतो आणि मग छताखालून चारी बाजूंना पसरतो. म्हणून पहारेकऱ्याची जागा छताला. परंतु छतावरही सगळ्याच जागा सारख्या नसतात. भिंत आणि छत जेथे मिळतात त्या कोपऱ्यात हवा कोंडून राहते. तेथे धूर उशिरा पोचतो. म्हणून ब्रिटिश मानकानुसार संवेदक भिंतीपासून निदान अर्धा मीटर दूर असावा लागतो. छताच्या पंख्याजवळ किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतात तो बसवला, तर वारा धुराला त्याच्याजवळ येऊच देत नाही. उतरत्या छपराच्या खोलीत धूर आढ्याकडे गोळा होतो, तेव्हा संवेदकही आढ्याजवळच हवा.

तिसरा प्रश्न अंतराचा. एक संवेदक किती जागा राखू शकतो? सपाट छताखाली खोलीतील कोणत्याही ठिकाणापासून जवळच्या धूरसंवेदकापर्यंतचे आडवे अंतर साडेसात मीटरपेक्षा अधिक असू नये, असा ब्रिटिश मानकाचा दंडक आहे. उष्णता ओळखणाऱ्या संवेदकासाठी हेच अंतर ५.३ मीटर आहे. येथे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, की मग दोन धूरसंवेदकांत पंधरा मीटर अंतर ठेवले म्हणजे झाले. पण कागदावर चार समान वर्तुळे एकमेकांना नुसती टेकतील अशी काढून पाहावीत. त्यांच्या मध्यभागी एक जागा मोकळी राहते. तेथे पेटलेल्या ठिणगीवर कोणाचाच पहारा नसतो. ती जागा झाकायची, तर वर्तुळे एकमेकांवर काही अंशी चढली पाहिजेत. हिशेब केला म्हणजे चौरस मांडणीत दोन संवेदकांतील अंतर सुमारे साडेदहा मीटर येते. वर्गात शिकलेली भूमिती अशा रीतीने झोपलेल्या मुलांच्या उपयोगी पडते.

जागा ठरल्या म्हणजे तारा ओढण्याचे काम सुरू होते. या तारा घरातील दिव्यांच्या तारांहून वेगळ्या ठेवतात आणि आगीची धग काही काळ सोसतील अशा निवडतात. आग लागली असता बातमी नेणारी तारच प्रथम जळून गेली, तर उपयोग काय? सगळ्या तारा अधीक्षकांच्या खोलीजवळ असलेल्या एका पेटीकडे येतात. तिला पॅनेल म्हणतात. पॅनेल हे या व्यवस्थेचे ठाणे होय. वीज गेली तरी ते बंद पडू नये म्हणून त्यात बॅटऱ्या असतात. प्रत्येक मजल्यावर भोंगे असतात, आणि एखाद्या माणसाने आग आधी पाहिली तर त्याला सूचना देता यावी म्हणून जिन्यांच्या तोंडाशी लाल रंगाच्या बटणपेट्याही असतात.

पूर्वी गडकोटांवर रात्री पहारे असत. गस्त घालणारा अंमलदार तटावरून हिंडे आणि प्रत्येक चौकीला साद घाली. चौकीवरून उत्तर आले म्हणजे पहारेकरी जागा आहे असे तो समजे. उत्तर आले नाही, तर शत्रू आलेला असो वा नसो, तेथे काहीतरी बिघडले आहे हे त्याला कळे. आजच्या पॅनेलचे कामही असेच चालते. प्रत्येक संवेदकाला एक क्रमांक दिलेला असतो. तो त्याचा पत्ता. पॅनेल रात्रंदिवस एकेका क्रमांकाला साद घालत असते आणि प्रत्येक संवेदक आपली स्थिती कळवत असतो. कोणी उत्तर दिले नाही, की पॅनेलवर पिवळा दिवा लागतो आणि बिघाडाची सूचना उमटते. शिवाय तार पॅनेलपासून निघून, सगळ्या संवेदकांना भेटून, पुन्हा पॅनेलकडेच परत आलेली असते. त्यामुळे ती मध्ये एके ठिकाणी तुटली, तरी दोन्ही बाजूंनी निरोप पोचत राहतात. शांतता दोन प्रकारची असते. एक, सर्व क्षेम असल्याची. दुसरी, पहारेकरी मेल्याची. या दोहोंतील भेद ओळखता येणे, हा या रचनेचा मोठा गुण आहे.

संवेदक बसवताना प्रथम छताला त्याची बैठक स्क्रूने पक्की करतात, तिला तारा जोडतात आणि मग संवेदक फिरवून तिच्यात अडकवतात. नव्या संवेदकावर प्लॅस्टिकची एक टोपी असते. इमारतीत रंगकाम, घासकाम, सुतारकाम चालू असेपर्यंत ती काढत नाहीत. नाहीतर धूळ त्या काळ्या कोठडीत शिरून बसेल. पण काम संपल्यावर ती आठवणीने काढावी लागते. टोपी तशीच राहिली, तर मोठा चमत्कार घडतो. संवेदकाचा दिवा लुकलुकत असतो, पॅनेलच्या सादेला तो बरोबर उत्तर देत असतो, आणि तरीही तो आंधळा असतो. धूर त्याच्यापर्यंत पोचूच शकत नाही. तो उत्तर देतो, म्हणून काम करतो असे समजणे येथे घातक ठरते.

म्हणूनच परीक्षा घ्यावी लागते, आणि ती खऱ्या प्रश्नाची असावी लागते. धूरसंवेदकाला विचारायचा खरा प्रश्न एकच: 'बाहेरचा धूर तुझ्यापर्यंत पोचतो का आणि तो तुला ओळखता येतो का?' काही संवेदकांना लोहचुंबक लावून सूचना देण्यास भाग पाडता येते. परंतु त्यामुळे आतील विद्युत-मंडल ठीक आहे एवढेच कळते. फटी मोकळ्या आहेत की नाहीत ते कळत नाही. कागद जाळून धूर करणे तर सर्वथा अयोग्य. त्याने काजळी साचते आणि आग पसरण्याचेही भय असते. यासाठी परीक्षेचा कृत्रिम धूर डब्यात भरून मिळतो. लांब काठीच्या टोकाला एक पेला असतो, त्याला हा डबा जोडलेला असतो. कारागीर जमिनीवर उभा राहून तो पेला संवेदकाभोवती धरतो आणि थोडा धूर सोडतो. उष्णता ओळखणाऱ्या संवेदकाची परीक्षा गरम हवेने घेतात.

परीक्षेपूर्वी वसतिगृहातील सर्वांना सूचना दिली जाते, म्हणजे कोणी घाबरून धावत सुटत नाही. मग दोन माणसे कामाला लागतात. एक काठी घेऊन मजल्यावर, दुसरा पॅनेलजवळ. वरच्याने धूर दिला, की काही सेकंदांत संवेदकावरचा दिवा लाल होऊन तसाच राहतो आणि पॅनेल वाजू लागते. खालचा माणूस पॅनेलवर उमटलेली अक्षरे मोठ्याने वाचतो: 'तिसरा मजला, खोली सहा.' वरचा म्हणतो, 'बरोबर.' मग हवा स्वच्छ झाल्यावर पॅनेल पूर्ववत करतात आणि पुढच्या संवेदकाकडे जातात. काम कंटाळवाणे असते. पण एकही संवेदक वगळता येत नाही.

तो का वगळू नये, हे एका प्रसंगाने स्पष्ट होईल. समजा, दुसऱ्या मजल्यावरील पश्चिमेकडच्या जिन्यातील संवेदकाला धूर दिला आणि पॅनेलवर अक्षरे उमटली, 'तळमजला, गाद्यांची खोली.' दोन संवेदकांचे पत्ते लिहिताना अदलाबदल झाली, एवढेच याचे कारण. संवेदक चांगला, तार चांगली, भोंगाही चांगला. तरीही खऱ्या आगीच्या रात्री अधीक्षक जिन्याकडे जाण्याऐवजी गाद्यांच्या खोलीकडे धावले असते. तेथे काहीच नाही असे पाहून भोंगा खोटाच वाजला असे त्यांना वाटले असते. तेवढ्या वेळात ज्या जिन्याने मुलांनी उतरायचे, तोच धुराने भरला असता. एका चुकलेल्या ओळीची किंमत एवढी मोठी होऊ शकते. ती चूक दिवसाढवळ्या, कोणाचे काही न बिघडता सापडावी, यासाठीच परीक्षा.

भोंग्याचीही परीक्षा होते. माणूस साधे बोलतो तेव्हा आवाजाची पातळी सुमारे ६० डेसिबल असते. झोपलेल्यांना जागे करायचे असेल, तर त्यांच्या उशाशी निदान ७५ डेसिबल आवाज पोचला पाहिजे, असे ब्रिटिश मानक सांगते. म्हणून आवाज मोजणारे उपकरण घेऊन कारागीर खोलीत जातो, रात्री असते तसे दार लावून घेतो आणि खाटेच्या उशापाशी आवाज मोजतो. वऱ्हांड्यात भोंगा कितीही मोठा वाटला, तरी लावलेल्या दाराआड तो क्षीण होतो. ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याच्या खोलीत लखलखणारा दिवा आणि उशीखाली थरथरणारी चकती बसवतात. पहारेकऱ्याची हाक प्रत्येकापर्यंत पोचली पाहिजे. एकही मूल मागे राहून चालत नाही.

एकदा परीक्षेत उतरलेला संवेदक कायमचा उत्तीर्ण झाला असे मात्र नव्हे. वर्षभरात त्याच्यात धूळ साचते. पावसाळ्यात बारीक किडे फटींतून शिरण्याची धडपड करतात. दिवाळीपूर्वीच्या रंगकामात एखादा रंगारी छताबरोबर संवेदकालाही हात मारतो आणि फटी बुजवून टाकतो. म्हणून वर्षातून निदान एकदा प्रत्येक संवेदक धूर देऊन तपासतात आणि धूळ काढून साफ करतात. बटणपेट्यांपैकी एक दर आठवड्याला दाबून पाहतात, आणि दर वेळी निराळी निवडतात; म्हणजे क्रमाक्रमाने सगळ्यांची पाळी येते. प्रत्येक परीक्षेची तारीख, संवेदकाचा क्रमांक, आढळलेला दोष आणि तो दूर केल्याचा दिवस एका वहीत लिहून खाली सही करतात.

या पहारेकऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू कोणता? धूळ नव्हे, किडे नव्हेत. माणसाचा उडालेला विश्वास हा त्याचा खरा शत्रू आहे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. चुकीच्या जागी बसवलेला किंवा धुळीने भरलेला संवेदक विनाकारण भोंगा वाजवू लागला, की पहिल्या वेळी सगळे धावतात, दुसऱ्या वेळी थोडे धावतात, आणि तिसऱ्या वेळी मुले कूस बदलून झोपतात. मग कोणीतरी वैतागून संवेदकावर प्लॅस्टिकची पिशवी बांधतो किंवा भोंगाच बंद करून ठेवतो. गोष्टीतला मुलगा खोटे बोलत होता. येथे बिचारा संवेदक खोटे बोलत नसतो. आपल्याला जे दिसले तेच तो सांगतो. खोटा भोंगा वारंवार वाजत असेल, तर संवेदकाचे तोंड बांधणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्याची जागा बदलावी, तो साफ करावा, जेथे वाफ किंवा फोडणीचा धूर आहे तेथे दुसऱ्या प्रकारचा लावावा. कारण शोधून काढले, की विश्वास परत येतो.

संवेदकाने हाक मारली, तरी आग विझवण्याचे काम माणसांनाच करावे लागते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजावर कापसाच्या गाठींबरोबर दारूगोळाही होता. जहाजाला लागलेली आग खलाशांच्या ध्यानात आली ती दुपारी दोनच्या सुमारास. चार वाजून थोडी मिनिटे होतात न होतात तोच पहिला प्रचंड स्फोट झाला. ती आग विझवण्यासाठी झटताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवसापासून आठवडाभर आगीपासून रक्षणाचे शिक्षण दिले जाते. आगीची वर्दी जितकी लवकर पोचेल, तितकी आग लहान असताना बंब येऊन पोचतात. लवकर दिलेली वर्दी ही आत अडकलेल्यांप्रमाणेच त्यांना सोडवायला आत शिरणाऱ्यांचेही रक्षण करते.

भोंगा वाजला म्हणजे मुलांनी काय करावे, हेही ठरलेले असले पाहिजे. अंथरूण, पुस्तके, चपला यांच्यामागे न लागता उठावे. दार हाताला गरम लागले, तर ते उघडू नये. वाटेत धूर असेल, तर जमिनीलगत वाकून किंवा रांगत जावे; कारण गरम धूर वर असतो आणि खालची हवा त्या मानाने स्वच्छ असते. ज्या खोलीतून बाहेर पडलो तिचे दार लोटून घ्यावे, म्हणजे धुराची वाट अडते. उद्वाहक असला तरी जिन्यानेच उतरावे. खाली ठरलेल्या जागी सर्वांनी जमावे, हजेरी द्यावी आणि आत काही विसरले म्हणून परत फिरू नये. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर वर्दी देताना इमारतीचे नाव, पत्ता आणि मजला स्पष्ट सांगावा. ही कवायत वर्षातून काही वेळा करून पाहिलेली असली, की अंधारातही पावले आपोआप वाटेला लागतात.

वसतिगृहातील बहुतेक मुलांना त्यांच्या खोलीतील संवेदकाचा भोंगा खऱ्या आगीसाठी वाजलेला कधीच ऐकावा लागणार नाही. अशी वर्षेच्या वर्षे गेली, म्हणजे 'हे कशाला हवे?' असे कोणालाही वाटू शकते. अशा वेळी अधीक्षकांच्या खोलीतील ती वही उघडून पाहावी. पानामागून पान एकच मजकूर असतो: अमुक तारीख, अमुक क्रमांक, धूर दिला, सूचना आली, जागा बरोबर, सही. वाचायला त्यात गोडी नाही. पण त्या एकेका ओळीच्या आधारावर वरच्या तीन मजल्यांवर मुले निर्धास्त झोपलेली असतात.